परदेशी जुने कॉम्प्युटर आणि आपली २३० व्होल्टची वीज

आमच्या ओळखीचे एक दुकानदार आहेत. जुने रेडिओ, ग्रामोफोन, लोलकाची घड्याळे यांचा त्यांचा धंदा. अमेरिकेतून कायमचे परत आलेल्या एका कुटुंबाने घर लावताना बरेच सामान त्यांना विकले. त्यात एक जुना कॉम्प्युटर होता. रंग पिवळट पडलेला, पण की-बोर्ड, माहितीपुस्तिका, मूळ खोके सगळे जागेवर. अशा वस्तू जमविणारे एक गिऱ्हाईक पुण्याहून तो पाहायला आले आणि साहजिकच म्हणाले, "चालू करून दाखवा." दुकानदाराने अमेरिकन चपट्या पिनेला बाजारातली ॲडॉप्टर पिन जोडली आणि बटण दाबले. फट्ट असा आवाज झाला, मागच्या जाळीतून पांढरा धूर आला आणि दुकानभर वास सुटला. गिऱ्हाईक निघून गेले.

इथवर जे झाले ते अजाणतेपणी झाले. पुढचे सांगताना मात्र आम्हाला संकोच वाटतो. शेजारच्या एका कारागिराने पेटी उघडली, उडालेला फ्यूज पाहिला आणि त्या जागी तांब्याची तार बसवून पुन्हा बटण दाबले. पहिल्या वेळी एक फ्यूज आणि एक कपॅसिटर गेला होता, म्हणजे थोडक्या खर्चाचे काम होते. दुसऱ्या वेळी डायोड, ट्रान्झिस्टर आणि सर्किटच्या पट्टीवरचे तांबेसुद्धा जळाले. ज्या मालाला गिऱ्हाईक घरी चालून आले होते तो भंगारात गेला. कोणाच्या हाताला काही झाले नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

हा विषय आपल्या पानावर घेण्याचे कारण असे की, असा माल आता पुष्कळांच्या हाती येतो. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर येतो, कुर्ल्याच्या भंगारात येतो, आखातातून परतलेल्यांच्या माळ्यावरून खाली उतरतो. आणि त्याला गिऱ्हाईक आहे. १९७६ सालच्या ॲपल-१ या यंत्राला २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलर मिळाले. तसले यंत्र आपल्या भंगारात निघणार नाही, हे वेगळे सांगायला नको. पण चालू स्थितीतला जुना कॉम्प्युटर आणि बंद पडलेला जुना कॉम्प्युटर यांच्या किमतीत जो फरक पडतो तो बहुधा पहिल्यांदा बटण दाबण्याच्या त्या एका क्षणात ठरतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे यंत्र उलटे करून मागची किंवा तळाची पाटी वाचणे. तिच्यावर व्होल्ट, सायकल आणि अँपिअर किंवा वॅट लिहिलेले असतात. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० सायकल वीज येते. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० सायकल. जुन्या पाट्यांवर ११०, ११५ किंवा ११७ असेही आढळते, ते सगळे एकच समजावे. इंग्लंडमध्ये पूर्वी २४० होती, १९९५ पासून कागदोपत्री २३० झाली. तिथला माल आपल्याकडे सरळ चालतो. जपानमध्ये मात्र अवघे १०० व्होल्ट, आणि तेही टोकियोच्या बाजूला ५० सायकल, ओसाकाच्या बाजूला ६० सायकल. एकाच देशात दोन तऱ्हा कशा, तर १८९० च्या दशकात टोकियोने जनरेटर जर्मनीहून आणले आणि ओसाकाने अमेरिकेहून. ती गाठ अजून सुटलेली नाही.

आखाताविषयी वेगळे लिहायला हवे, कारण आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे तिकडे येणेजाणे असते. कुवेतला २४० व्होल्ट, ५० सायकल. दुबई-अबूधाबीलाही आपल्यासारखीच वीज. सौदी अरबस्तानात मात्र घराघरांत १२७ व्होल्ट, ६० सायकल होती आणि एसीसाठी निराळी २२० ची लाईन. २०१० मध्ये तिथल्या सरकारने टप्प्याटप्प्याने २३० वर जायचे ठरविले. जुना माल अर्थातच जुन्या विजेचा. म्हणून 'गल्फचा माल आहे, चालेल' हे बोलणे अपुरे आहे. कुवेतहून आलेला आणि जेद्दाहून आलेला यात फरक पडू शकतो.

याचे एक उदाहरण आम्हाला फार आवडते. कुवेतच्या अल-आलमिया कंपनीने १९८० च्या दशकात 'सख्र' नावाचे घरगुती कॉम्प्युटर काढले. पडद्यावर अरबी अक्षरे उमटविणारे, की-बोर्डवर अरबी अक्षरे असलेले हे यंत्र तेव्हा अरब देशांत घरोघरी आणि शाळांत गेले. त्यातली काही मॉडेल जपानच्या यामाहाने बनविलेली होती. कोकणातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर असे एखादे निघाले तर नवल वाटायला नको. आता समजा, एकाच घराण्यातली दोन यंत्रे तुमच्या टेबलावर आली, एक कुवेतच्या बाजारासाठी केलेले आणि एक खुद्द जपानमध्ये विकलेले. वरून पाहता भावंडे वाटतील. पण पहिल्याला आपली वीज मानवेल, दुसरे १०० व्होल्टवर वाढलेले आहे. त्याला २३० दिली की आटोपले. म्हणून पाटी वाचल्याशिवाय पिनेला हात लावू नये.

पाटीवर '१००–२४०' असा पल्ला लिहिला असेल तर काळजी नाही, फक्त पिन बदलावी. पुष्कळ जुन्या लॅपटॉपचे चार्जर असे असतात. जुन्या पीसीच्या पॉवर सप्लायला मागे लाल सरकती कळ असते, तिच्यावर ११५ आणि २३० लिहिलेले असते. अमेरिकेतून आलेल्या यंत्राची कळ ११५ वर असणार. ती २३० वर सरकवली की यंत्र आपल्याकडे चालते. ती २३० वर असताना ११५ व्होल्ट दिले तर यंत्र नुसते चालू होत नाही, बिघडत नाही. उलट केले तर फुटते. कळ बरोबर लावल्यावर तिच्यावर चिकटपट्टी मारून ठेवावी. दुकानात मुले असतात, आणि लाल कळ दिसली की मुलांचा हात तिकडे जातोच.

आता ज्यांच्यावर नुसते १०० किंवा १२० लिहिले आहे त्यांचे काय होते, ते कारागीर बांधवांसाठी थोडे खोलात सांगतो. दुप्पट व्होल्ट दिले तर भार दुप्पट होतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. साध्या तारेत उष्णता व्होल्टच्या वर्गाने वाढते. १२० च्या जागी २३० म्हणजे साधारण पावणेचारपट, आणि जपानी १०० च्या जागी २३० म्हणजे सव्वापाचपट. ट्रान्सफॉर्मर असेल तर आणखी वाईट. त्याच्या स्टॅम्पिंगमध्ये, म्हणजे लोखंडी पत्र्यांत, चुंबकत्व मावण्याला मर्यादा असते. ती ओलांडली की प्रायमरी कॉईल भसाभस वीज ओढू लागते आणि वार्निश जळते.

स्विचिंगच्या सप्लायमध्ये, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, वीज आधी डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. १२० व्होल्टची डीसी साधारण १७० होते, म्हणून तिथे २०० व्होल्टचे कपॅसिटर घातलेले असतात. आपली २३० तिथे गेली की डीसी होते ३२५. २०० च्या भांड्यात ३२५ कसे मावणार? आमच्या दुकानदाराचा धूर इथून निघाला. लाल कळ चुकली तर याहून वाईट, कारण ११५ च्या जागी ते सर्किट व्होल्ट दुप्पट करते. आपल्या विजेवर ते साडेसहाशेच्या घरात जाते.

यावर उपाय म्हणजे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाजारात त्या नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे प्रवासात नेण्याचे खिशात मावणारे कन्व्हर्टर, ज्यांच्यावर 'सोळाशे वॅट' असा आकडा छापलेला असतो आणि वजन मात्र साबणाच्या वडीएवढे. यात ट्रान्सफॉर्मर नसतोच. विजेच्या लाटेचा तुकडा कापून ते सरासरी कमी दाखवतात, पण लाटेचे शेंडे तसेच उंच राहतात. केस वाळविण्याच्या यंत्राला, इस्त्रीला ते चालते; कॉम्प्युटरला कदापि लावू नये.

दुसरा ऑटो-ट्रान्सफॉर्मर. यात एकच वायंडिंग आणि मधून काढलेले टोक. स्वस्त, हलका, व्होल्ट बरोबर देतो; पण घरच्या लाईनशी त्याचे नाते तुटलेले नसते. दोन पिनेचा प्लग उलटा लागला किंवा सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आलटून जोडलेले असले, तर पलीकडे ११० व्होल्ट मिळत असतानाही दोन्ही तारा जमिनीच्या मानाने जिवंत राहतात, एक तर पूर्ण २३० वर. ज्या तारेला यंत्र न्यूट्रल समजते तीच ही निघू शकते.

तिसरा आणि खरा, दोन अलग वायंडिंगचा. तो जड असतो, महाग असतो, आणि घ्यावा तो हाच. दुकानदार काय सांगतो ते राहू द्या. प्लग काढलेल्या स्थितीत मीटर ओहमवर लावून आत जाणाऱ्या पिनेपासून बाहेर येणाऱ्या सॉकेटपर्यंत तपासा. रस्ता मिळाला तर ऑटो, नाही मिळाला तर अलग वायंडिंगचा.

आकार किती घ्यावा? पाटीवर अँपिअर असतील तर व्होल्टने गुणावे. १२० व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे २४० व्हीए. त्याला ५०० व्हीएचा घ्यावा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला चालू होताना एक झटका लागतो, म्हणून दुप्पट धरणे शहाणपणाचे. उगाच दोन-तीन हजार व्हीएचा घेण्यात मात्र काही अर्थ नाही. १९८१ चा पहिला आयबीएम पीसी घ्या, त्याचा सप्लाय अवघ्या ६३.५ वॅटचा होता.

इथे आमचे वायंडिंग करणारे कारागीर पुढे येऊ शकतात. तयार डबे ११० किंवा १२० चेच मिळतात, १०० चे मिळायला कठीण. आणि जपानी यंत्राला ११० देणे म्हणजे दहा टक्के जास्त. २३० वरून १०० आणि ११५ अशी दोन टोके काढलेला, आत जाणारा अर्थ थेट बाहेरच्या सॉकेटच्या अर्थला जोडलेला, दोन्ही बाजूंना फ्यूज असलेला ३०० किंवा ५०० व्हीएचा नग कोणी नीट बांधून दिला तर जुने कॉम्प्युटर जमविणारे लोक तो शोधत येतील. गावाकडे संध्याकाळी वीज १८० वर उतरते आणि मध्यरात्री २५० वर चढते. २५० झाली की हा ट्रान्सफॉर्मर १०० च्या टोकावर १०९ देणार. तिथे आधी स्टॅबिलायझर, मग ट्रान्सफॉर्मर, मग यंत्र असा क्रम ठेवावा.

अर्थचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. तयार डब्यांपैकी कित्येकांत तीन भोकांचे सॉकेट असते पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. लोखंडी पेटीच्या यंत्राला अर्थ मिळाला नाही की पेटीला हात लावताच मुंग्या येतात. लाईन फिल्टरमधले छोटे कपॅसिटर निम्मी वीज पेटीवर आणून सोडतात, तो त्याचा परिणाम. 'थोडे झणझणते, चालायचेच' असे म्हणणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. बिघाड वाढला तर झणझणणे कुठे थांबेल हे त्यांनाही सांगता येणार नाही. आणखी एक बाब: घरच्या बोर्डावर आरसीसीबी असली तरी अलग वायंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरपलीकडे काय चालले आहे ते तिला कळत नाही. तिच्या भरवशावर राहू नये.

व्होल्टचे झाले, सायकलचे काय? ट्रान्सफॉर्मर ६० सायकल बदलून देत नाही, हे लक्षात असू द्यावे. एसएमपीएसला याने फरक पडत नाही. ६० सायकलसाठी केलेला जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, म्हणून १२० च्या अमेरिकन सप्लायला आपल्याकडे १०० ते ११० दिले तर तो सुखात राहतो. कमोडोर ६४ सारख्या यंत्रात घड्याळ विजेच्या सायकलवर चालते. साठाच्या हिशेबाने ठेवलेले घड्याळ आपल्याकडे तासाला दहा मिनिटे मागे पडते. त्यात धोका काही नाही.

गंमत आहे ती आठ इंची फ्लॉपी ड्राइव्हची. त्यातल्या जुन्या नमुन्यांत एसी मोटर असते आणि ती सायकलप्रमाणे फिरते. चकती मिनिटाला ३६० फेरे घ्यायला हवी ती आपल्याकडे ३०० घेते आणि काही वाचत नाही. लोक डोके बडवून घेतात, सर्किट बदलतात. उपाय लेथवाल्याकडे आहे: मोटरची पुली सहास पाच या प्रमाणात मोठी करून द्यायची आणि पट्टा त्या मापाचा घालायचा. खरादाचे काम करणाऱ्याला कॉम्प्युटरचा हा एकच रोग बरा करता येतो, पण तो त्याच्याशिवाय कोणाला होत नाही.

कमोडोर ६४, अमिगा ५०० किंवा इंग्लंडचा स्पेक्ट्रम यांचा सप्लाय बाहेर, विटेसारखा स्वतंत्र असतो. स्पेक्ट्रम तर परवाना घेऊन १९८८ पासून भारतातही विकला जात होता. अशा यंत्राला ट्रान्सफॉर्मरच्या भानगडीत न पडता २३० ची वीटच मिळवावी किंवा करवून घ्यावी. कमोडोरची मूळ वीट आतून रसायनाने भरलेली असते, म्हातारपणी तिचे ५ व्होल्ट चढतात आणि यंत्रातल्या मेमरीच्या चिप मरतात. म्हणून वीट जोडण्याआधी मीटर लावून पाहावे. पावणेपाच ते सव्वापाचच्या बाहेर असेल तर ती बाजूला ठेवावी.

बरोबर व्होल्ट दिले तरी तीस-चाळीस वर्षे झोपलेले यंत्र एकदम जागे करू नये. आधी पेटी उघडून सप्लायच्या तोंडाशी पिवळट, पारदर्शक, आत चांदीसारखी गुंडाळी दिसणारा चौकोनी कपॅसिटर आहे का पाहावे. त्याच्या अंगावर तडे असतील तर तो काढून एक्स-२ जातीचा, २७५ व्होल्टचा नवा घालावा; नाही तर पाच मिनिटांत तो धुराने खोली भरतो. १९८४ पासून आपल्या शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोचेही हेच दुखणे आहे, आणि ते यंत्र तर आपल्याच व्होल्टचे.

मग आपला जुना सिरीज बोर्ड काढावा. शंभर वॅटचा तारेचा बल्ब (एलईडी चालत नाही) २३० च्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरच्या आधी. यंत्र चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बटण बंद करावे. ज्या कारागिराने फ्यूजमध्ये तार घातली त्याच्या भिंतीवर असा बोर्ड टांगलेला होता, हे आम्ही स्वतः पाहिले. जुना एसएमपीएस एकटा तपासायचा असेल तर त्याच्या ५ व्होल्टला मोटारीचा बल्ब लावून भार द्यावा, बिनभाराचे ते बिघडतात. डिमरस्टॅटने व्होल्ट हळूहळू वाढविण्याची सवय रेडिओवाल्यांना असते. लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या यंत्राला ती चांगली; एसएमपीएस मात्र कमी व्होल्टवर जास्त वीज ओढतो, त्याला तसे करू नये.

प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट बसून राहतात. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून ते उतरवू नयेत. १० किलोओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर दोन टोकांना काही वेळ धरावा, मीटरने शून्य पाहावे, मग हात घालावा. पिक्चर ट्यूब अंगातच असलेली यंत्रे टीव्हीच्या कारागिरांनीच उघडावीत. त्या लाल-काळ्या टोपीखाली हजारो व्होल्ट असतात हे त्यांना सांगावे लागत नाही, इतरांना सांगावे लागते.

व्यापारी बांधवांसाठी एक कायद्याची गोष्ट. घरच्या सामानात आलेले यंत्र वेगळे. पण वापरलेले कॉम्प्युटर विक्रीसाठी बाहेरून मागवायचे असतील तर परदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. 'सुटे भाग' म्हणून आणू, असा सल्ला देणारे एजंट भेटतात. बंदरात माल अडकला की ते भेटत नाहीत.

विकताना यंत्र कोणत्या व्होल्टचे आहे, आतले काय बदलले आहे, बदललेला मूळ भाग पिशवीत घालून सोबत दिला आहे की नाही, एवढे बिलावर लिहून द्यावे. जमविणाऱ्याला मूळ भाग हवा असतो, बिघडलेला असला तरी. ऐब सांगितली म्हणून भाव थोडा उतरेल. पण न सांगता विकलेले १२० व्होल्टचे यंत्र कोणाच्या तरी घरात, बहुधा मुलांच्या खोलीत, थेट प्लगला लागणार आहे.

आमच्या त्या दुकानदाराने जळालेला कॉम्प्युटर फेकला नाही, काउंटरच्या मागे ठेवला आहे. शेजारी आता ५०० व्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर असतो. अमेरिका-जपानचा माल आला की त्याच्या चपट्या पिनेला ते आधी पुठ्ठ्याचे लेबल सुतळीने बांधतात, आणि मगच ते यंत्र मांडणीवर चढते.